वाघोलीची टाकी : एक फिल्टर, दोन फिल्टर आणि मधला गुरुवार

तक्रार

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. "दादा, टाकीचं पाणी पार ताकासारखं झालंय. परवाच तर सगळं धुतलं होतं. मोठा फिल्टर कुठला घेऊ तेवढं सांग, लगेच मागवते."

मासे काय करतायत, असं विचारलं. म्हणाली, "वर येऊन तोंड उघडमीट करतायत सारखे. सकाळी एक गेला."

फिल्टरची खरेदी चार दिवस थांबवायला एवढं पुरे होतं. काही मागवू नकोस, खायला घालणं आत्ताच्या आत्ता बंद कर, हवेचा पंप असेल तर चालू कर, संध्याकाळी येतो, असं सांगितलं. हवेचा पंप होता, पण आवाज करतो म्हणून जानेवारीपासून टीव्हीच्या कपाटात पडून होता.

टाकी तीन फुटी. लांबी ३६ इंच, रुंदी १५, उंची १८. काठोकाठ भरली तर १५९ लिटर. पण वर दोन इंच मोकळे, तळाला दहा किलो खडी आणि काचेची जाडी धरली तर प्रत्यक्ष पाणी १३० लिटरच्या आसपास. पुढचा सगळा हिशेब या १३० वर केला आहे. दुकानदार सांगतो तो आकडा रिकाम्या काचेच्या पेटीचा असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

सकाळी गेलेला धरून पाच गोल्डफिश, त्यांतले दोन ओरांडा, म्हणजे गोल शरीराच्या, डोक्यावर टोपीसारखी वाढ असलेल्या जातीचे. शिवाय दुकानात 'शार्क' म्हणून विकतात तो एक मासा आणि एक सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा. फिल्टर एकच, टाकीबरोबर 'कॉम्बो'मध्ये आलेला इंटरनल, म्हणजे टाकीच्या आत पाण्यात बसणारा: खोक्यावर ताशी ८०० लिटर, १५ वॅट, आत एक निळा स्पंज आणि खालच्या कप्प्यात कोळशाचे दाणे. देखभाल दर दुसऱ्या रविवारी. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडी धुऊन चकचकीत, स्पंज नळाखाली पांढरं पाणी येईपर्यंत पिळायचा. स्पंजला साबण नाही ना लावलास, असं विचारल्यावर बहीण क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "एकदाच."

पहिल्या संध्याकाळची मोजमापं

कोथरूडहून वाघोली म्हणजे संध्याकाळचा दीड तास धरायचा. बरोबर तीन वस्तू नेल्या: थेंबांचं टेस्ट किट, एक लिटरचा मापाचा मग आणि माझ्या टाकीत सहा महिने चाललेला, म्हणजे जिवाणूंची तयार वस्ती असलेला एक स्पंज फिल्टर. तो टाकीच्याच पाण्यात, निम्मी हवा ठेवलेल्या पिशवीत घेतला होता. रिक्षावाल्यानं त्या तपकिरी पिशवीकडे दोनदा वळून पाहिलं.

अमोनियाच्या नळीतला रंग पिवळ्याकडून थेट गडद हिरव्यावर गेला. लिटरला साधारण २ मिलिग्रॅम. नायट्राइट ०.५, नायट्रेट जेमतेम ५, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क याचं माप) ८.२, तापमान ३० अंश. या पाच आकड्यांनी निदानाचं निम्मं काम केलं. तीन महिने मासे ठेवलेल्या टाकीत नायट्रेट इतकं कमी आणि अमोनिया इतका जास्त, याचा अर्थ फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती कधी बसलीच नव्हती.

मासे कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. ते वाढतातही फार सावकाश. दुप्पट व्हायला त्यांना अर्धा-एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. कुजवणारे जिवाणू मात्र अनुकूल पाण्यात तासाभरात कितीतरी पट होतात. बहीण दर पंधरा दिवसांनी सावकाश वाढणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन टाकत होती, आणि रिकाम्या जागेवर झपाट्यानं वाढणारे येत होते. ते ताक म्हणजे त्यांचीच गर्दी. (फार वर्षं आपण मानत आलो की ही दोन पायऱ्यांची कामं करणारे जिवाणू कायम वेगवेगळेच असतात. २०१५ मध्ये दोन संशोधक गटांना दोन्ही पायऱ्या एकट्यानं करणारे नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू सापडले. त्यांतल्या एका गटाला ते मत्स्यपालनाच्या पाण्याशी जोडलेल्या बायोफिल्टरमध्ये मिळाले. आपल्या छंदाच्या दृष्टीनं ही बातमी कौतुकाची, म्हणून इथे सांगितली.)

पण तीन महिने हाच प्रकार चालू असताना मासे आत्ताच का मरायला लागले? त्याचं उत्तर भाच्यानं दिलं. वय अकरा, टाकी त्याच्या वाढदिवसाची. म्हणाला, "मामा, पंधरा दिवस झाले, आता टँकरचं पाणी येतं." आधी नळाचं यायचं. नळाच्या पाण्याचा पीएच शेजारच्या इमारतीतून एक बाटली आणून मोजला, ७.२ निघाला. टँकरचं पाणी विहिरी-बोअरचं, जड, पीएच आठच्या वर.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं बाधत नाही, दुसरं कल्ल्यांतून सरळ आत शिरतं. कोणतं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. पीएच ७.२ आणि २६ अंशांना एकूण अमोनियातला जेमतेम १ टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.२ आणि ३० अंशांना हेच प्रमाण ११ टक्क्यांवर जातं. किटवर दोन्ही वेळा आकडा तोच दिसेल, विष मात्र अकरापट. जानेवारीत जे पाणी मासे कसंबसं सोसत होते, ते एप्रिलमध्ये त्यांना मारू लागलं. बहिणीनं लगेच विचारलं, "मग पीएच कमी करायचं औषध टाकू का?" अजिबात नाही. जड पाण्याचा पीएच औषधानं खाली ढकलला तरी तो पुन्हा वर येतो, आणि त्या हेलकाव्यानं मासे जास्त मरतात. गोल्डफिशला ८.२ ची काही तक्रार नसते, अमोनिया असेल तर असते.

फिल्टरही मोजला. त्याच्या नाकाला वीतभर नळी लावून ती पाण्याच्या पातळीशी आणली आणि खाली लिटरचा मग धरला. भरायला १२ सेकंद. म्हणजे ताशी ३०० लिटर. टाकीच्याच पाण्याच्या बादलीत स्पंज पिळल्यावर ७ सेकंद, म्हणजे ताशी ५०० च्या थोडं वर. खोक्यावरचे ८०० हे स्पंज न लावता, पाणी न उचलता मिळणारे. टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरावं, असं सगळे सांगतात आणि ते ठीकच आहे, फक्त तो हिशेब मगानं मोजलेल्या आकड्यावर करायचा.

त्या रात्री ४० टक्के पाणी बदललं. नवीन पाण्यात हायपो, म्हणजे दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारे तेच खडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं १३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातलं, कारण पुढच्या आठवड्यांत नायट्राइट वाढणार हे दिसत होतं, आणि मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. माझा जुना स्पंज एका कोपऱ्यात हवेच्या पंपावर लावला. तीन दिवस उपास.

उपासावर घरात चर्चा झाली. बहिणीचे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सकाळी सहाला उठून माशांना खायला घालतात. "अहो, उपाशी मारायचे का जिवांना?" असं ते म्हणाले तेव्हा आवाजात खरी काळजी होती.

चिमूट किती ग्रॅमची

म्हणून मी अण्णांनाच कामाला लावलं. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली नीट दाखवत नाही, तेव्हा त्यांच्या दहा चिमट्या एका वाटीत जमा केल्या आणि मग वजन केलं. १२ ग्रॅम. म्हणजे एक चिमूट १.२ ग्रॅम. दिवसातून अण्णा तीनदा, भाचा शाळेतून आल्यावर एकदा, भावोजी रात्री आल्यावर एकदा. एकमेकांना कोणी विचारत नव्हतं. दिवसाला सहा ग्रॅम. शिवाय कधीमधी पोळीचा तुकडा, तो अण्णांनी नंतर कबूल केला.

मत्स्यपालनात एक सोपा हिशेब वापरतात: खाद्याचं वजन गुणिले त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२, म्हणजे तयार होणारा अमोनिया, नायट्रोजनच्या मापात. गोळी-खाद्यात ३५ टक्के प्रथिनं धरली तर सहा ग्रॅमांतून दिवसाला १९० मिलिग्रॅमच्या वर. १३० लिटरमध्ये रोज लिटरमागे जवळपास दीड मिलिग्रॅमची वाढ. दोन ग्रॅम खाद्य दिलं तर हीच वाढ अर्ध्या मिलिग्रॅमवर येते. फिल्टर तिप्पट मोठा घेणं आणि खाणं एक-तृतीयांश करणं, यांत दुसरं फुकट होतं.

आणखी एक आकडा इथेच सांगतो, पुढे त्याचा उपयोग आहे. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. फिल्टर हा माशांइतकाच श्वास घेणारा रहिवासी आहे. ३० अंशांच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम, २० अंशांना तो नऊच्या वर असतो. ज्या महिन्यात जिवाणू आणि मासे दोघं जास्त मागतात, त्याच महिन्यात पाण्यात कमी असतो.

कोणता फिल्टर, या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या

बहिणीच्या मनात कॅनिस्टर होता. तिनं व्हिडिओ पाहिले होते. टाकीखालच्या कपाटात बंद डबा, आत थराथरानं माध्यम (गाळ अडवायला आणि जिवाणूंना बसायला भरलेलं सामान), दोन नळ्या. तीन फुटी टाकीला देखणा, गपगार आणि पोटात भरपूर जागा असलेला फिल्टर. मी स्वतः वापरतो आणि तो मला आवडतो. तरी तिला नको म्हटलं, त्याची कारणं तिच्या घरातली होती. पुण्यात पाण्याच्या आणि विजेच्या दुरुस्तीचा वार गुरुवार. त्या दिवशी तिच्याकडे चार-पाच तास वीज नसते. कॅनिस्टर बंद पडला की आतलं पाणी अडकतं, जिवाणू त्यातला प्राणवायू संपवतात आणि मग स्वतःच गुदमरू लागतात. उन्हाळ्यात काही तासांत आत कुजका वास येतो, आणि वीज आली की ते सगळं टाकीत ओतलं जातं. दुसरं कारण असं की भरलेला डबा उचलून मोरीत नेऊन उघडणं हे तिचं काम होणार होतं. ती ते सहा-सहा महिने पुढे ढकलेल. माणसाच्या आळसाचा हिशेब फिल्टर निवडताना धरावाच लागतो. माझा मी धरतोच.

हँग-ऑन, म्हणजे मागच्या काचेवर टांगायचा, साफ करायला सोपा. पण टाकी भिंतीला टेकवून ठेवलेली. दीडशे किलोच्या वर वजन झालेली टाकी पाणी काढल्याशिवाय सरकवायची नसते. शिवाय वीज जाऊन आल्यावर पाण्याची पातळी उतरलेली असेल तर काही हँग-ऑन पाणी न ओढता कोरडेच घरघरत राहतात. घरी कोणी नसेल तर मोटार गेली.

खडीखालच्या जाळीचा, म्हणजे अंडरग्रॅव्हल. अण्णांना तोच माहीत होता, त्यांच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनमध्ये होता म्हणे. तो फिल्टर वाईट नव्हता. पण गोल्डफिश दिवसभर खडी उकरतो आणि त्याची घाण इतकी की जाळीखाली वर्षभरात गाळाचा थर बसतो. तो काढायला सगळी टाकी रिकामी करावी लागते. जी सवय मोडायची होती, तिलाच बोलावणं.

राहिले दोन. एक टॉप फिल्टर: टाकीच्या वर आडवा लांबट डबा, खालून छोटा पंप पाणी वर चढवतो, ते माध्यमातून झिरपत पुन्हा टाकीत पडतं. आपल्याकडे हा 'जुनाट' म्हणून हिणवला जातो. मला तो भारतीय घरांसाठी अतिशय शहाणा फिल्टर वाटतो. झाकण उचललं की कापूस समोर, हात ओला न करता बदलता येतो. माध्यम उघड्यावर, हवेत, त्यामुळे प्राणवायूची ददात नाही, आणि वीज गेली तरी ओलं माध्यम हवेतच राहतं, बंद डब्यासारखं गुदमरत नाही. खाली पडणारं पाणी टाकीलाही हवा देतं. किंमत कॅनिस्टरच्या काही अंशांत. तोटे दोन: पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन.

दुसरा स्पंज फिल्टर. हवेच्या पंपावर चालणारा, बिचारा दिसणारा, दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेला. पाणी चकाचक करण्यात तो कच्चा. जिवाणूंचं घर म्हणून मात्र त्याच्याइतकं स्वस्त आणि न मोडणारं काही नाही. पाण्यात हलणारा एकही भाग नाही. आणि पंप पाच वॅटचा, म्हणजे इन्व्हर्टरवर तो चालू आहे हे बॅटरीला कळतही नाही. एक छताचा पंखा अशा दहा पंपांइतकी वीज घेतो.

जोडी ठरली ती अशी. टॉप फिल्टरनं गाळ उचलायचा आणि मुख्य वस्ती सांभाळायची. स्पंजनं वीज नसताना टाकी जिवंत ठेवायची आणि टॉप फिल्टर धुतला जाईल तेव्हा जिवाणूंचा राखीव साठा व्हायचं. दोन फिल्टर घ्यायचे तर दोघांनी एकाच वेळी आणि एकाच कारणानं बंद पडू नये, एवढंच मी पाहिलं. दोन इंटरनल लावले असते तर पाणी दुप्पट फिरलं असतं, आणि गुरुवारी दोन्ही एकदमच थांबले असते.

जुना इंटरनल लगेच काढला नाही. त्याच्या स्पंजवर जी काही थोडीफार वस्ती उरली होती ती टाकीच्याच मालकीची. सहा आठवडे राहू दे म्हटलं. त्यातला कोळसा मात्र काढला. कोळसा औषधांचे रंग, वास आणि पिवळसर झाक शोषून घेतो, अमोनिया नाही. काही आठवड्यांत तो भरतो आणि मग नुसती जागा अडवतो. हा तर जानेवारीपासून तिथेच होता.

थरांचा क्रम आणि ओरांडाची गैरसोय

टॉप फिल्टरचा डबा दुकानातून माध्यम भरूनच आला होता आणि उलटा भरलेला होता: पाणी आधी सिरॅमिक रिंग्जवर (जिवाणूंना बसायला असलेल्या सच्छिद्र कड्यांवर) पडायचं आणि शेवटी कापसातून जायचं. असं ठेवलं तर महिन्याभरात रिंग्जची भोकं गाळानं बुजतात आणि ज्यासाठी पैसे दिले ती जागा जाते. आम्ही क्रम फिरवला. आधी पांढरा कापूस, मग जाड भोकांचा स्पंज, मग रिंग्ज. रिंग्ज डब्याच्या निम्म्या भागालाच पुरल्या. उरलेल्या जागेत बहिणीनं भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्या घासण्या भरल्या, साबण न लागलेल्या, तारेच्या नव्हेत. जिवाणूंना ब्रँड कळत नाही.

पंपाची मोजणी इथेही केली. खोक्यावर ताशी १०००, दीड फूट वर चढवून माध्यमातून आल्यावर लिटरचा मग भरायला ६ सेकंद, म्हणजे ६००. १३० लिटरला साडेचारपट. जमलं.

जागा मात्र मी चुकीची सांगितली. पंप डावीकडे, पाणी पडायची तोंडंही डावीकडेच. दोन दिवसांनी भाच्यानं सांगितलं, "मामा, उजव्या कोपऱ्यात घाण साठते, आणि ओरांडा डावीकडे जातच नाही." बरोबर होतं. पाणी पडत होतं तिथूनच पुन्हा ओढलं जात होतं, उजवीकडे पाणी फिरतच नव्हतं. आणि गोल शरीराच्या, जड टोपीच्या ओरांडाला प्रवाहात पोहता येत नाही. पाणी डावीकडे पडू दिलं, पंप उजव्या कोपऱ्यात तळाजवळ नेला, त्याच्या तोंडाला स्पंजचा बोळा लावला. पडणाऱ्या धारेखाली वीतभर लांबीची भोकांची नळी आडवी ठेवली, धार फुटली. स्पंज फिल्टर मधोमध मागे.

गुरुवार

हा भाग माझ्या चुकीचा आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहितो.

स्पंजचा पंप इन्व्हर्टरवर, हे मी ठरवलं होतं आणि टाकीशेजारच्या बोर्डात तो लावला होता. तो बोर्ड इन्व्हर्टरवर आहे का, हे मी विचारलंच नाही. पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर होते, हा प्लग नव्हता. दुसरं म्हणजे पंप टाकीखालच्या फळीवर ठेवला होता, पाण्याच्या पातळीच्या दोन फूट खाली, आणि हवेच्या नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, घातला नव्हता. घरी माझ्या पिशवीत दोन पडले होते.

सकाळी साडेनऊला वीज गेली. पंप थांबला आणि नळीतून पाणी उलटं खाली यायला लागलं. सायफन. थेंब थेंब पाणी पंपात, पंपातून फळीवर, फळीवरून सतरंजीवर. अण्णांचा पाय ओला झाला तेव्हा कळलं. तोवर बादलीभर पाणी गेलं होतं, आणि पंप कायमचा गेला. त्यांनी प्रसंगावधान राखून नळी टाकीतून उपसून काढली, नाहीतर स्पंजच्या तोंडाच्या पातळीपर्यंत टाकी रिकामी झाली असती. मग दुपारी दीडपर्यंत ते दर दहा मिनिटांनी मगानं पाणी वरून ओतत बसले. मासे सगळे राहिले. हे ऐकून मी संध्याकाळी नवा पंप, दोन चेक व्हॉल्व्ह आणि खाली मान घालून गेलो.

पंप आता टाकीच्या पातळीच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर आहे. चेक व्हॉल्व्ह आहेच. इलेक्ट्रिशियननं इन्व्हर्टरची एक लाइन त्या बोर्डावर आणून दिली. टॉप फिल्टरच्या वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ दिला आहे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या तळाशी थेंबानं पडतं. कुणाच्याही घरी टाकी बघायला गेलो की आता आधी हा झोळ बघतो.

भाच्याची वही

दर रविवारी सकाळी मोजायचं, हे त्यानं स्वतः घेतलं. वहीतले आकडे असे. पहिल्या रविवारी अमोनिया १, नायट्राइट ०.५. दुसऱ्याला अमोनिया ०.५, नायट्राइट १. तिसऱ्याला अमोनिया ०.२५ वर आला आणि नायट्राइट २ वर चढला. त्या दिवशी त्यानं फोन करून विचारलं, "मामा, बिघडलं का?" मी म्हटलं, नाही रे, आता नायट्राइट खाणारे जागे व्हायचे आहेत, ते मागून येतात. दर दोन दिवसांनी २५ टक्के पाणी बदला आणि जेवढं पाणी काढाल तेवढ्याच हिशेबानं मीठ परत घाला. चौथ्याला नायट्राइट ०.५. पाचव्या रविवारी दोन्ही शून्य, नायट्रेट २०. पाणी तिसऱ्याच आठवड्यात स्वच्छ दिसायला लागलं होतं, म्हणजे नायट्राइट सगळ्यात वर होतं तेव्हा. बहिणीनं त्या दिवशी फोटो पाठवला होता, "झालं बघ छान!" माझ्यासमोर वहीतला २ चा आकडा होता, म्हणून मी अंगठा पाठवला नाही.

सहाव्या आठवड्यात इंटरनल फिल्टर काढला. त्यानंतरचे दहा दिवस रोज मोजलं. अमोनिया एकदाही वर आला नाही. तो फिल्टर आता धुऊन सुकवून ठेवलाय, आजारी मासा वेगळा ठेवायची वेळ आली तर उपयोगी येईल.

धुण्याची पद्धत अशी लावली: कापूस दर रविवारी टाकून नवा. जाड स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. रिंग्ज आणि घासण्यांना वर्षभर हात लावायचा नाही. स्पंज फिल्टर पंधरा दिवसांनी, पण ज्या आठवड्यात टॉपचा स्पंज पिळला त्या आठवड्यात नाही. दोन वस्त्यांवर एकदम संकट आणायचं नाही.

नायट्रेटचं गणित फिल्टरनं सुटत नाही. दिवसाला दोन ग्रॅम खाद्य म्हणजे आठवड्याला लिटरमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट पाण्यात साठतं, कितीही फिल्टर लावा. दर रविवारी ३५ टक्के पाणी बदललं तर बदलायच्या आधीचा आकडा कधीतरी ४० च्या जवळ येऊन थांबतो. जुलैत वहीत तसंच दिसलं: ३५, ४०, ४०. हे आणखी खाली आणायला बहिणीनं टॉप फिल्टरच्या शेवटच्या कप्प्यात मनीप्लँटच्या तीन फांद्या लावल्या आहेत, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं पांढरी आणि लांब धरली आहेत. आकड्यात फरक पडेल तेव्हा भाचा कळवेलच.

जे फिल्टरच्या हातात नव्हतं

'शार्क' म्हणून विकला जाणारा मासा म्हणजे पंगासियस, मोठा झाल्यावर एक मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. तीन फुटी टाकीत त्याला वळायला जागा उरत नाही. तो दुकानानं परत घेतला, पैसे न देता. सकर 'घाण खातो' म्हणून दिला होता. तो घाण खात नाही, शेवाळं आणि खाली पडलेलं खातो आणि स्वतः गोल्डफिशपेक्षा जास्त घाण करतो. फुटापेक्षा मोठा होतो. "नदीत सोडू का?" असं भावोजींनी विचारलं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात नाही म्हटलं. उजनीत तो आता कोळ्यांच्या जाळ्यात येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. तो सकर एका ओळखीच्या सहा फुटी टाकीत गेला. आता चार गोल्डफिश आहेत. पूर्ण वाढ झाल्यावर चारही १३० लिटरला जड जातील, हे बहिणीला सांगून ठेवलंय, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलंय.

आवाजाची तक्रार अजून आहे. टॉप फिल्टरचं पाणी रात्री ऐकू येतं. पातळी दोन बोटं वाढवून पडायची उंची कमी केली, तेव्हा निम्मा आवाज गेला. उरलेल्याबद्दल बहीण कुरकुरते, अण्णा म्हणतात त्यांना त्याच आवाजानं झोप लागते. त्यांच्यासाठी एक प्लॅस्टिकची छोटी डबी ठेवली आहे. रात्री भाचा त्यात दुसऱ्या दिवसाचं दोन ग्रॅम खाद्य भरतो, आणि डबी रिकामी झाली की त्या दिवसापुरतं कुणीच काही घालायचं नाही. अण्णांनी परवा हळूच विचारलं, "अहो, एकादशीला तरी थोडं जास्त चालेल का?"